तुलनेचा तारा

पाय कसा मोडला असं कोणी विचारलं की मी जिन्यात घसरले म्हणून सांगते. खरं म्हणजे मी ऑफिसातल्या प्रिंटरला लाथ मारली होती. प्रिंटरला काही झालं नाही. मला तीन आठवड्यांचं प्लास्टर आणि सक्तीची रजा मिळाली. नवरा सकाळी कामाला गेला की घरात उरायचो आम्ही तिघं. स्टुलावर पाय टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी, आणि माझे सासू-सासरे.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं गच्चीवर दुर्बीण लावून तारे बघितले. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत असतो. अशा ताऱ्यांवर डोळा ठेवणारं हौशी लोकांचं एक निरीक्षक मंडळ आमच्या शहरात आहे. तारे सभासदांमध्ये वाटून दिलेले असतात, त्यामुळे एकाच्या ताऱ्याकडे दुसरा सहसा बघत नाही. उजेड मोजायची पद्धत अप्पांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या भाषेत समजावली होती. "तराजूच्या एका पारड्यात आपला बदलता तारा. दुसऱ्यात त्याच्या जवळचा एक न बदलणारा. त्याला म्हणायचं तुलनेचा तारा. ते आपलं वजन. वजन पक्कं असलं की बाकी सगळा डोळ्याचा खेळ."

सासूबाई, म्हणजे आई, पोस्टाच्या खिडकीवर बत्तीस वर्षं होत्या. अप्पा दुर्बिणीला डोळा लावून आकडा सांगायचे, आई शेजारी बसून वहीत लिहायच्या. तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात निरीक्षकाचा क्रमांक. अप्पांचा क्रमांक सात. अडतीस वर्षांत आईंनी हा सात किती हजार वेळा लिहिला असेल, कोण जाणे.

त्या मंगळवारी दुपारी मंडळाचे चिटणीस आले. गृहस्थ भला, पण बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची खोड. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांच्या सगळ्या नोंदींचं जाडजूड पुस्तक निघणार होतं, आणि शनिवारी सकाळी ते छापखान्यात जाणार होतं.

"शंकास्पद नोंदी गाळायच्या असं समितीचं ठरलंय," चहाचा घोट घेत ते म्हणाले. "अप्पा, तुमचं काम म्हणजे सोनं. चारच ओळी आहेत गाळण्यासारख्या. त्या, तुम्हाला कावीळ झाली होती ना, त्या आठवड्यातल्या."

"गाळा," अप्पा म्हणाले. "मीच लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय तिथं."

आईंनी कप उचलले आणि आत गेल्या. चिटणिसांचा कप अजून अर्धा भरलेला होता.

मी कुबड्या टेकत स्वयंपाकघरात गेले. आई धुतलेलाच कप पुन्हा धूत होत्या. भानगड काय आहे, ते मला तेव्हा कळलं. अकरा वर्षांपूर्वी, ह्या ओळींतला बदलता तारा अप्पांच्या वाट्याला आला त्याच वर्षी, अप्पा काविळीने अंथरुणाला खिळले होते. वहीत खाडा पडू नये म्हणून आईंनी चार दिवस एकट्यांनी दुर्बीण लावली. आणि त्यांना दिसलं भलतंच. तुलनेचा ताराच मंद झाला होता. त्याच्या शेजारी एक बारका तारा आहे, नेहमी ह्याच्यापेक्षा स्पष्ट फिका. पहिल्याच दिवशी दोघं सारखेच दिसले. आईंनी तसं लिहिलं. अप्पा बरे झाल्यावर त्यांनी वही बघितली आणि हसले. वजनच घटलं म्हणतेस? अगं, तू दुसराच तारा बघितलास.

"मी म्हटलं, असेल," आई म्हणाल्या. "त्यांचा डोळा मोठा. पण चारच ओळी होत्या गं माझ्या. अडतीस वर्षांत चार."

त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मला एकदम राग आला. अप्पांचा, चिटणिसांचा, समितीचा, झालंच तर त्या प्रिंटरचा. मला राग आला की मी कामाला लागते. हा माझा एकुलता एक गुण.

"आई, अकरा वर्षांपूर्वीचं आकाश आजही बघता येतं," मी म्हणाले.

येतंच. एक मोठी दुर्बीण गेली बारा वर्षं सबंध आकाशाचे फोटो काढते आहे. दर तीन-चार दिवसांनी फिरून त्याच जागेवर येते, आणि ते सगळे फोटो कोणालाही फुकट बघायला मिळतात. अडचण एवढीच की संकेतस्थळावर एकेका फोटोसाठी वेगळं बटण आहे, आणि आमच्या ताऱ्याचे फोटो होते सहाशे चाळीस. इतकी बटणं दाबत बसायला मी काही लिफ्टमन नाही. ऑफिसात सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम. अशा वेळी संगणकाची काळी खिडकी उघडायची, तिच्यात एका ओळीचा हुकूम टाइप करायचा आणि फायलींच्या पत्त्यांची यादी त्याच्या हातात द्यायची. डब्ल्यूगेट नावाचा प्रोग्रॅम म्हणजे एक इमानी गडी-माणूस आहे, ते निमूटपणे जाऊन सगळं घेऊन येतं.

मी एक गडी पाठवला नाही. वीस पाठवले. एका वेळी वीस फाइली आणा, असा हुकूम सोडला आणि हाताची घडी घालून बसले. पडद्यावर ओळी धबाधबा पळायला लागल्या. अप्पासुद्धा पेपर बाजूला ठेवून बघायला आले. चार मिनिटांत सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस फाइली घरात.

"आलं आकाश!" मी ओरडले. "ह्याला म्हणतात काम!"

आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "हा शेवटचा रकाना काय गं?"

"फाइलचं वजन."

"मग सगळ्या एकाच वजनाच्या कशा? बत्तीस वर्षांत मी दोन पार्सलं एका वजनाची बघितली नाहीत. इथं सहाशे चाळीस?"

मी एक फाइल उघडली. फोटो नव्हताच. चार ओळींची चिठ्ठी होती. तुम्ही फार घाईने मागणी करत आहात, तुमचा पत्ता दोन दिवस बंद करण्यात आला आहे, कृपया नियमांचं पान वाचावं. दुसरी उघडली, तीच चिठ्ठी. मी एकच चिठ्ठी सहाशे चाळीस वेळा मागवून, प्रत्येकीवर आकाशाचं लेबल लावून, नीट ओळीने रचून ठेवली होती.

अप्पा गडगडून हसले. मला लॅपटॉप फेकावासा वाटला, पण पायाचा अनुभव ताजा होता. मी तावातावाने त्या दुर्बीणवाल्यांना तक्रार लिहायला घेतली. सार्वजनिक माहिती म्हणता आणि दार लावता, वगैरे.

"थांब," आई म्हणाल्या. "नियमांचं पान वाच आधी. मोठ्याने वाच."

मी नाक मुरडून वाचलं. एका वेळी एकच फाइल मागावी. दोन फायलींमध्ये दहा सेकंद थांबावं. गरजेपुरतंच न्यावं.

"बरोबर लिहिलंय की! माझ्या खिडकीत एकदम वीस हात घुसले की मीसुद्धा खिडकी बंद करायचे," आई म्हणाल्या. "पलीकडे माणूस बसलेला असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि काय गं, माझे दिवस चार. तू सहाशे चाळीस कशाला मागवलेस? वखार घालायची होती?"

मी अर्धी लिहिलेली तक्रार पुसून टाकली.

मग तक्रारीऐवजी माफीचं पत्र गेलं. आई सांगत गेल्या आणि मी इंग्रजीत उतरवत गेले. त्यातलं एक वाक्य मी गाळत होते, ते त्यांनी पकडून परत घालायला लावलं. "माझ्या सुनेने घाई केली, त्याबद्दल क्षमस्व. तिचा पाय मोडला आहे, स्वभाव अजून शाबूत आहे." बुधवार सबंध वाट बघण्यात गेला. अप्पा येता-जाता विचारायचे, "काय सूनबाई, आकाश आलं का?" आणि मी दात-ओठ खायची.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. पलीकडे खरंच माणूस बसलेला होता. बंदी उठवली आहे, एकेक करून न्या, आणि तुमच्या पायाला लवकर आराम पडो, असं त्याने लिहिलं होतं. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप हुकूम नव्याने टाइप केला. एकेक फाइल आण. प्रत्येकीनंतर दहा सेकंद थांब. एखादी अर्धवट राहिली तर पुन्हा पहिल्यापासून नको, जिथं तुटली तिथून पुढे. आणि यादीत फक्त तीस नावं ठेवली, आईंचा आठवडा आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं थोडंसं.

"एंटर तुम्ही दाबा," मी म्हणाले.

आईंनी पोस्टाचा शिक्का मारावा तसं एंटर दाबलं.

ह्या वेळी ओळी पळाल्या नाहीत. पहिली फाइल हळूहळू उतरली. मग दहा सेकंद काहीच नाही. मग दुसरी. आईंनी खुर्ची ओढून घेतली, वही काढली, आणि आलेल्या प्रत्येक फाइलचं वजन टिपून घेऊ लागल्या. प्रत्येक वजन वेगळं होतं. मला बोटं मोडत बसायची सवय, त्यांना समोरच्याला त्याचा वेळ देण्याची. तास कसा गेला कळलं नाही. मधल्या त्या दहा-दहा सेकंदांत त्यांनी मला नवऱ्याच्या लहानपणीच्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन त्याच्यावर वापरण्यासारख्या आहेत.

तीसही फाइली आल्यावर मी फोटो दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. ताऱ्यावर टिचकी मारली की तो उजेडाचा आकडा सांगतो, आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अप्पा आले. त्यांनी ताऱ्यांची ती मांडणी एका नजरेत ओळखली आणि बोट ठेवलं. "हा आपला तुलनेचा. आठ पूर्णांक चार. कायम."

आईंच्या आठवड्याच्या आधीचा फोटो. आठ पूर्णांक चार. अप्पांनी मान हलवली.

त्या आठवड्यात दुर्बिणीने दोनदा फोटो काढला होता. एक होता आईंच्या पहिल्याच दिवशीचा. मी टिचकी मारली. नऊ पूर्णांक एक.

मी शेजारच्या बारक्या ताऱ्यावर टिचकी मारली. त्याचाही नऊ पूर्णांक एक. दोघं सारखेच.

आईंच्या चौथ्या दिवशीचा फोटो, आठ पूर्णांक नऊ. पुढच्या आठवड्यातला पुन्हा आठ पूर्णांक चार, जसं काही झालंच नाही.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "पहिल्यापासून दाखव," म्हणाले. मी दाखवलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते आईंकडे वळले.

"बरोबर आहे गं तुझं," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. चुकलो मी."

"मला माहीत होतं," आई म्हणाल्या. "अकरा वर्षं माहीत होतं." आणि मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्या त्यातच हसायलाही लागल्या. मीसुद्धा रडले. इतका आनंद मला ह्या घरात आल्यापासून झाला नव्हता, आणि त्यात माझ्या लग्नाचा दिवसही धरलाय.

माझ्या दृष्टीने गोष्ट तिथं संपली होती. चिटणिसांना फोन करायचा, चार ओळी पुस्तकात, जय हो. पण चहा झाला तरी अप्पा पडद्यासमोरून उठेनात.

"बाकीच्या सहाशे दहा मागव," ते म्हणाले.

"कशाला अप्पा? आईंचं काम झालं की."

"माझं राहिलंय. तारा एकदा घटला तो एकदाच घटला असेल कशावरून? त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच वजनाने तोलतोय. वजन खोटं निघालं तर त्या वजनाने दिलेली प्रत्येक पुडी परत तपासायची असते. झाकून ठेवायची नसते."

आई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. पुस्तक परवा छापायला जातंय."

"म्हणूनच," अप्पा म्हणाले.

माणूस हट्टी आहे, कबूल. पण त्या क्षणी मला माझे सासरे फार आवडले. मी यादी वाढवली, आणि ह्या वेळी एंटर अप्पांनी दाबलं. एक फाइल, दहा सेकंद, एक फाइल. रात्री घर झोपलं तेव्हा काम चालूच होतं, सकाळी उठलो तेव्हाही चालू होतं. मध्ये दोनदा इंटरनेट गेलं होतं. गडी जिथं थांबला होता तिथून पुढे निघाला होता, एक शब्द न बोलता. शुक्रवारी अकराच्या सुमाराला शेवटची फाइल आली, आणि मी सगळ्या फायलींतले आकडे काढून एका रेषेवर ठिपके मांडले.

सरळ रेषा, आणि तिच्यात खड्डे. दर सव्वीस महिन्यांनी एक खड्डा, सहा-सात दिवसांचा, प्रत्येक वेळी अगदी एकाच आकाराचा. कोणीतरी दुसरा, अंधारा जोडीदार ठरल्या वेळी त्याच्या पुढून जात असणार, अप्पा म्हणाले. आईंचा आठवडा हा एक खड्डा. त्यानंतर आणखी पाच.

अप्पांनी वही उघडली आणि त्या पाच खड्ड्यांच्या तारखा स्वतः शोधल्या. कोणाला हात लावू दिला नाही. एकोणीस नोंदी निघाल्या. मंद झालेल्या वजनाने तोलल्यामुळे एकोणीस वेळा त्यांनी आपला बदलता तारा होता त्याहून तेजस्वी लिहिला होता. "सोनं" म्हणून पुस्तकात जाणाऱ्या नोंदी.

त्यांनी चिटणिसांना फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. मला वाटलं, आवाज पडलेला असेल. छे! नातवंड झाल्याची बातमी द्यावी तसे सांगत होते. "चिटणीस! हिच्या चारही ओळी छापा! तारा खरंच घटला होता! फोटो आहेत! आणि माझ्या एकोणीस गाळा!"

मग चिटणीस म्हणाले, "वहिनींच्या घेतो. फोटोच असल्यावर प्रश्न मिटला. पण अप्पा, तुमच्या असू द्या की. एकोणीस नोंदी कोण तपासणार आहे?"

"आमच्या घरात एक बाई आहे," अप्पा म्हणाले. "ती तपासते."

ती बाई एवढा वेळ ठिपक्यांकडे बघत होती. तिने वही आपल्याकडे ओढली, पेन्सिल घेतली आणि एका नोंदीपुढे काहीतरी लिहिलं. मग दुसरीपुढे.

"गाळायचं काही कारण नाही," आई म्हणाल्या. "खड्डे सगळे सारखे आहेत. खड्ड्याच्या कुठल्या दिवशी वजन किती घटतं, ते आता आपल्याला माहीत आहे. तेवढं प्रत्येक नोंदीत मिळवायचं. ही बघा, त्या दिवशी सात दशांश कमी भरलं होतं. ही, पाच दशांश. अहो, तुमचा डोळा एकदाही चुकलेला नाही. वजनच तेवढं कमी भरत होतं."

अप्पांनी वही बघितली. सुधारलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मागच्या-पुढच्या दिवसांशी ते आकडे आता असे जुळत होते, जसे आधी कधीच जुळले नव्हते. मागे एकदा त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "आज एकदम इतकं तेज का, कळत नाही." आता कळत होतं. मी अप्पांना आजवर कोणाचे हात हातात घेताना बघितलं नव्हतं. त्यांनी आईंचे घेतले, पेन्सिलीसकट, माझ्यासमोर. मी पायाच्या प्लास्टरकडे बघत राहिले.

"हॅलो? हॅलो?" फोनमधून चिटणीस ओरडत होते. "वहिनी, हे असं असेल तर मग पानाखाली तळटीप लागेल. तारा मंद झाल्याचं पहिल्यांदा कधी दिसलं, कोणी बघितलं, सगळं. निरीक्षक म्हणून सातच घालू ना?"

अप्पा तोंड उघडणार होते. मी त्यांना कुबडीने ढोसलं. गरज नव्हती. आईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या फोनवर वाकल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय ते. माझं नाव घाला."